निळा जांभळा होतो, राखाडी गुलाबी पडतो: आधी मशीन एका जागी आणा

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे, थोडं आटोपशीर करून देतोय.

"आमच्याकडे टोनरचं डिजिटल मशीन आहे, ते मीच चालवते. महिन्यापूर्वी एका कॅटलॉगचं कव्हर छापलं, वर गडद निळी पट्टी आणि खाली हलका राखाडी. पाचशे कॉप्या गेल्या, कस्टमर खूश. आता त्यानेच परत दोनशे मागितल्या. फाइल तीच, कागद तोच, प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) तोच, आणि निळा चक्क जांभळ्याकडे गेला, राखाडीला गुलाबी झाक आली. कस्टमरने दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून दाखवली, मला काही बोलताच आलं नाही. सर्व्हिसवाले म्हणतात मशीन ओके आहे. मी दर वेळी रिपमध्ये (फाइल मशीनला छापता येईल अशी करणारं सॉफ्टवेअर) कर्व्ह (कुठला रंग किती छापायचा ते ठरवणारी रेषा) हलवून शेड जुळवते, आता चौदा प्रीसेट झालेत आणि त्यातला खरा कुठला ते मलाच माहीत नाही. दुसरं जुनं मशीन आहे, त्याच्यावर तर काहीच जुळत नाही. चूक माझी आहे का? आणि रोज तोच रंग यावा म्हणून नक्की काय करू?"

ताई, चूक तुमची नाही, हे आधी सांगून टाकतो. तुम्ही जे करताय ते मी पण कितीतरी वर्षं केलंय, शेड हलली की कर्व्ह हलवायचा, त्या दिवसापुरता जॉब निघूनही जातो आणि आपल्याला वाटतं जमलं. पण होतं काय, मशीन त्या दिवशी जिथे होतं तिथलं दुखणं आपण प्रीसेटमध्ये कायमचं लिहून ठेवतो, आणि चार दिवसांनी मशीन परत ताळ्यावर आलं की तोच प्रीसेट रंगाला उलट्या बाजूला ढकलतो. मग अजून एक कर्व्ह, अजून एक प्रीसेट. तुमचे चौदा प्रीसेट म्हणजे चौदा वेगवेगळ्या दिवसांचं मशीन आहे, त्यातला खरा शोधत बसू नका, सापडणार नाही.

आधी मशीन रोज एकाच जागी यायला पाहिजे, आणि ते आलं की मगच ती जागा बरोबर आहे का ते बघायचं. आपण बहुतेक जण हे उलटं करतो. मशीन रोज हलत असतं आणि आपण त्याच्यावर अचूक रंग मारायचा प्रयत्न करत राहतो, म्हणजे हलत्या बोटीतून निशाणा धरायचा.

आता तुमच्याच कव्हरवर निळा आणि राखाडी हे दोनच का बिघडले ते बघा, कारण तिथेच अर्धं उत्तर आहे. गडद निळा म्हणजे सायन (आकाशी निळा) भरपूर आणि त्यात मॅजेंटा (गुलाबीसर लाल). डिझायनरने बरेचदा सायन १०० आणि मॅजेंटा ८०-९० असं काहीतरी ठेवलेलं असतं, स्क्रीनवर ते छान निळं दिसतं, पण छापताना या दोघांतलं अंतर जितकं कमी तितका निळा जांभळ्याच्या काठावर उभा असतो. मॅजेंटा जरासा चढला की गेला पलीकडे. म्हणून निळ्यात सायन आणि मॅजेंटात निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा असं जुने प्रीप्रेसवाले (छपाईआधी फाइल तयार करणारे) सांगतात, ते अगदी बरोबर आहे. राखाडीचं दुखणं तेच पण अजून नाजूक. सायन, मॅजेंटा, यलो तिघं मिळून राखाडी बनवतात, साधारण ५० टक्के सायनला ४०-४० मॅजेंटा यलो असं प्रमाण असतं, आणि आपल्या डोळ्याला राखाडीतली झाक जितक्या पटकन कळते तितकी भडक लालात किंवा हिरव्यात कळत नाही. तेव्हा तुमचे दोन्ही रंग एकच गोष्ट सांगतायत: त्या दिवशी मॅजेंटा वर गेला होता, किंवा सायन खाली आला होता. निळा आणि राखाडी दोघंही एकाच दिशेला गेले म्हणजे फाइल निर्दोष आहे, मशीनची एक बाजू जड झालीये. हे ओळखायला तुम्हाला कुठलं सॉफ्टवेअर लागलं नसतं, शेजारी एक साधी राखाडी पट्टी लागली असती, आणि ती मी तुम्हाला रोज छापायलाच लावणार आहे.

मॅजेंटा एका महिन्यात असा का चढला? इथे थोडं रेंगाळतो, कारण याच्याकडे फार कमी लोक बघतात. टोनर कागदावर जातो तो इलेक्ट्रिक चार्जच्या जोरावर. हवा कोरडी असली की टोनरचा कण जास्त चार्ज धरतो, मग तेवढ्याच व्होल्टेजला कमी कण जातात आणि प्रिंट फिकी पडते. हवा दमट असली की चार्ज कमी, मग टोनर जास्त जातो, कधी कधी कोऱ्या जागेवरही पुसट धूळ दिसते. मशीनला हे माहीत असतं, ते स्वतःच मधून मधून बेल्टवर (टोनर कागदापर्यंत नेणारा पट्टा) रंगाचे छोटे पॅच मारून सेन्सरने वाचतं आणि व्होल्टेज सावरून घेतं. पण लक्षात घ्या, ते बेल्टवरचा टोनर वाचतं, कागदावर उतरून फ्युझरमधून (टोनर उष्णतेने कागदाला चिकटवणारा भाग) शिजून बाहेर आलेला रंग वाचत नाही. सर्व्हिसवाले "ओके" म्हणतात ते बहुतेक याच आतल्या आकड्यांवर, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांचे आकडे खरंच ओके असतात. तुमचा कस्टमर मात्र कागद बघतो. काही नव्या मशीनांत छापलेला कागदच वाचणारा स्पेक्ट्रो (रंग आकड्यात मोजणारं यंत्र) बसवलेला असतो, तुमच्यात तो आहे का ते बघा, असेल आणि कोणी बंद करून ठेवला असेल तर आजच चालू करा.

दुसरं, चारही रंग एकसारखे थकत नाहीत. आठवडाभर नुसतं काळ्या मजकुराचं काम चाललं तर मॅजेंटाचा टोनर डेव्हलपरमध्ये (टोनर घुसळून त्याला चार्ज देणारा भाग) नुसता घुसळला जातो, वापरलाच जात नाही, आणि त्याचं वागणं बदलतं. उलट फुल कव्हरेजचा मोठा जॉब चालला की नवा टोनर इतक्या भराभर आत येतो की त्याला नीट चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. तुम्ही पहिली पाचशे कव्हरं कुठल्या कामानंतर छापली आणि ही दोनशे कुठल्या कामानंतर, आठवून बघा. मी पैज लावत नाही, पण बरेचदा तिथेच धागा सापडतो. मधल्या महिन्यात एखादा ड्रम (ज्यावर आधी चित्र उमटतं तो रोल) किंवा डेव्हलपर बदलला गेला असेल आणि त्यानंतर कॅलिब्रेशन झालं नसेल तर मग पुढे शोधायचीही गरज नाही.

आणि कागद. मी एका ठिकाणी काम करायचो तिथे एक जॉब रोज सकाळी बिघडायचा, पहिल्या चाळीसेक शीट ठिपकेदार, मग आपोआप सुधारायचं. सगळे मशीनवर संशय घेत होते. एक दिवस ट्रे बाहेर ओढला आणि गठ्ठ्याच्या कडेवर नजर आडवी टाकून बघितलं तर वरचे कागद कडेला लाटांसारखे झाले होते, खालचे सपाट. आदल्या संध्याकाळी रीम फोडून ट्रेमध्ये तशीच ठेवलेली, रात्रभर वरच्या कागदांनी ओल प्यायली. ओला कागद वीज धरून ठेवत नाही, त्यामुळे बेल्टवरचा टोनर पूर्ण उतरत नाही, आणि रंग असा भुरकट आणि ठिपकेदार येतो. रीम कामापुरतीच फोडायची, उरलेला कागद परत गुंडाळून ठेवायचा, आणि दुसऱ्या खोलीतून आणलेला कागद निदान रात्रभर, मोठा गठ्ठा असेल तर अजून जास्त, बंद गुंडाळीतच मशीनच्या खोलीत राहू द्यायचा, एवढं करून तो प्रॉब्लेम गेला. खोलीचं तापमान २० ते २५ डिग्री आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली की बरंच काही आपोआप जागेवर राहतं. स्थिर हा शब्द महत्त्वाचा आहे. ५५ असो की ५०, सकाळी ३५ आणि दुपारी ६५ असं नको. भिंतीवर एक साधा आर्द्रता दाखवणारा मीटर लावा, मशीनच्या गरम हवेच्या झोतासमोर नको, कागद ठेवता तिथे लावा.

"कागद तोच" असं तुम्ही लिहिलंय. खरंच तोच का? जीएसएम (कागदाचं वजन) तोच, नाव तेच, पण लॉट वेगळा असला तरी पांढरेपणा बदलू शकतो. आजकालच्या पांढऱ्याशुभ्र कागदात ब्राइटनर असतात, ते अल्ट्राव्हायोलेट प्रकाश घेऊन निळसर चमक देतात. कागद थोडा जास्त निळसर असला की त्यावरचा सगळा हलका राखाडी त्याच्याबरोबर जातो, कारण हलक्या राखाडीत निम्म्याहून जास्त तर कोरा कागदच दिसत असतो. नवा गठ्ठा आला की कोऱ्या कागदाचं एक रीडिंग घेऊन ठेवायचं, अर्धा मिनिटाचं काम आहे.

आता कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल, या दोन गोष्टी लोक एकाच दमात बोलतात आणि तिथेच घोळ होतो. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनला ठरलेल्या जागी परत आणणं. सायन ५० टक्के सांगितलं की कागदावर ठरलेला ५० टक्केच यावा, मॅजेंटाही तसाच, यलो आणि काळाही. प्रोफाइल म्हणजे मशीन त्या जागी असताना ते कुठला आकडा दिला की कुठला रंग देतं याचं वर्णन. प्रोफाइल स्वतः काही दुरुस्त करत नाही, ते फक्त वर्णन आहे, आणि मशीन त्या जागेवरून हललं की ते वर्णन खोटं ठरतं. म्हणून प्रोफाइल कितीही महागड्या सॉफ्टवेअरने बनवलेलं असो, कॅलिब्रेशन रोज झालं नाही तर ते वाया आहे.

रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी मशीन चालू केलं की लगेच कॅलिब्रेशनला बसू नका, आधी ३०-५० शीट चारही रंगांच्या भरलेल्या छापून घ्या, म्हणजे फ्युझर आणि डेव्हलपर दोन्ही कामाच्या स्थितीत येतात. मग मशीनचं स्वतःचं जे ऑटो ॲडजस्टमेंट आहे ते चालवा, आणि ते झाल्यावरच रिपचं कॅलिब्रेशन. उलट केलंत तर रिपने मोजलेली जागा मशीन पुढच्या मिनिटाला स्वतःच बदलून टाकतं. कॅलिब्रेशन ज्या कागदावर सेट केलंय त्याच कागदावर करायचं, हाताशी आहे त्या कुठल्याही कागदावर नाही. दिवस मोठा असेल तर दुपारी परत एकदा. ड्रम, डेव्हलपर, बेल्ट, फ्युझर काहीही बदललं की परत. हे सगळं मिळून पंधरा वीस मिनिटं जातात, तुमचे मालक म्हणतील एवढा वेळ कुठे आहे, त्यांना त्या दोनशे कव्हरांचा कागद आणि टोनर दाखवा.

कॅलिब्रेशनने मशीन जागेवर येतच नसेल, म्हणजे मॅजेंटा पूर्ण भरलेला छापला तरी ठरलेली डेन्सिटी (रंगाचा गडदपणा) गाठतच नाही, तर तिथे थांबा. कर्व्हने ते भरून काढायला जाऊ नका. कर्व्ह जास्तीचं कमी करू शकतो, नसलेला टोनर कुठून आणणार. तो सर्व्हिसचा विषय आहे, आणि या वेळी तुमच्या हातात आकडा असेल, "रंग बरोबर नाही" एवढंच नसेल. सर्व्हिसवाला आकडा घेऊन आलेल्या माणसाचं वेगळ्या पद्धतीने ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

प्रोफाइल मात्र रोज बनवायचं नसतं. कागदाच्या प्रकारागणिक एक पुरतं: ग्लॉस कोटेड, मॅट कोटेड, अनकोटेड, आणि जो कागद तुम्ही सगळ्यात जास्त वापरता त्याचं वेगळं. बनवायचं त्या दिवशी मात्र मशीन अगदी तब्येतीत असायला हवं. चार्ट (मोजायच्या रंगांच्या पॅचचा तक्ता) छापताना घाई करू नका. आयटी८.७/४ चार्टमध्ये १६१७ पॅच असतात, तो एकदा छापून वाचला की झालं असं समजू नका, कारण डिजिटल मशीन कागदाच्या डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला एकसारखं छापत नाही. खात्री करायची तर पूर्ण शीटभर ५० टक्के राखाडी छापा, मग ती शीट आणि तिच्यासारखीच दुसरी उलटी फिरवून शेजारी धरा. बहुतेक मशीनांत एका कडेला झाक दिसेल. म्हणून चार्टमधले पॅच विस्कटलेल्या क्रमाने छापायचे, तीन चार शीट छापून सगळ्या वाचायच्या आणि सरासरी घ्यायची, म्हणजे त्या कडेचा दोष प्रोफाइलमध्ये शिरत नाही. तुमच्या कव्हरचंही हे तपासा हं, मागच्या वेळी कव्हर शीटवर जिथे बसवलं होतं या वेळी तिथेच बसवलंय ना? निळी पट्टी या वेळी दुसऱ्या कडेला आली असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो.

प्रोफाइल बनवताना काळ्याचा वापर वाढवा, जीसीआर म्हणतात ते. राखाडीतला सायन, मॅजेंटा, यलो कमी करून त्या जागी काळा घ्यायचा. काळ्याला झाक नसते म्हणा, निदान फारच कमी असते, त्यामुळे मॅजेंटा थोडा हलला तरी राखाडी गुलाबी होत नाही. तुमच्यासारख्या राखाडीच्या कामाला हा एकच बदल सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. चेहऱ्यांच्या फोटोत फार जीसीआर घेतला तर त्वचा दाणेदार दिसू शकते, तेव्हा तिथे बेताने.

मोजायचं कशाने, तर स्पेक्ट्रो लागेलच, डोळ्यावर आणि आठवणीवर हे काम होत नाही. त्याच्या पांढऱ्या टाइलवर बोटं लावू नका, ती मळली की सगळीच रीडिंग खोटी. पातळ कागद वाचताना खाली काय आहे त्यानेही फरक पडतो, टेबलाचा रंग आरपार येतो, तेव्हा दर वेळी एकच पाठ ठेवा. आणि मोजण्याचा मोड एकदा ठरवून घ्या. एम० हा जुना, एम१ मध्ये अल्ट्राव्हायोलेटचा भाग डी५० प्रकाशाप्रमाणे (रंग बघायला ठरवून दिलेला दिवसासारखा प्रकाश) धरलेला असतो, म्हणून ब्राइटनरवाल्या कागदाला तो बरा. एम० ने बनवलेल्या टार्गेटशी एम१ ची रीडिंग ताडून बघितली तर दोन्ही बरोबर असून जुळणार नाहीत, यात माझे स्वतःचे दोन दिवस गेलेत.

टार्गेट म्हणजे आपण कुणासारखं छापायचं ठरवलंय ते. कोटेड कागदाला फोग्रा ३९ किंवा फोग्रा ५१ (छपाईच्या रंगांची ठरवून दिलेली मापं) यातलं एक निवडा आणि त्यालाच धरून राहा. दोघांतला फरक सगळ्यात आधी कागदाच्या पांढऱ्यात दिसतो, ३९ मध्ये पांढऱ्याचा b (निळा-पिवळा सांगणारा आकडा) उणे २ आहे, ५१ मध्ये उणे ६, म्हणजे बराच निळसर, कारण ५१ आजच्या ब्राइटनरवाल्या कागदासाठी एम१ ने मोजून केलंय. तुमचा कागद पांढराशुभ्र असेल तर ५१ जवळचं. पण डिझायनरकडून येणाऱ्या फाइली अजून बऱ्याच ३९ च्या असतात, तेव्हा रिपमध्ये फाइलला जोडलेलं प्रोफाइल मानायचं की आपलं लादायचं हे एकदा ठरवून सगळ्या प्रीसेटला तेच ठेवा. एका प्रीसेटमध्ये हे चालू आणि दुसऱ्यात बंद, यामुळे "फाइल तीच" असूनही रंग वेगळा येतो, आणि चौदा प्रीसेट असलेल्या ठिकाणी हे झालेलं असण्याची शक्यता मला दाट वाटते. ते चौदाही एका फोल्डरमध्ये हलवून कुलूप लावा. कागदागणिक एक नवा प्रीसेट, नावात कागद आणि तारीख, आणि त्यात कोणीही कर्व्ह हलवायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. एखाद्या जॉबला खरंच बदल हवा असेल तर तो त्या जॉबच्या फाइलमध्ये करा, मशीनच्या प्रीसेटमध्ये नको.

आता ती राखाडी पट्टी. प्रत्येक जॉबच्या कटिंगच्या बाहेरच्या जागेत एक बारीक पट्टी टाका: चारही रंग भरलेले, चारही ५० टक्के, आणि त्याशेजारी तीन रंगांची राखाडी आणि नुसत्या काळ्याची राखाडी अगदी लागून. या दोन राखाडी शेजारी असल्या की मशीन हललं की नाही ते लांबूनच दिसतं, एक गुलाबी किंवा हिरवट पडली की थांबायचं. आकड्यात बघायचं तर a (लाल-हिरवा सांगणारा आकडा) आणि b बघा. तीन रंगांच्या राखाडीचा a कागदाच्या a पेक्षा दोन तीनने वर गेला तर ती गुलाबी दिसणारच. एकूण फरकाला डेल्टा ई म्हणतात, २००० सालचं सूत्र वापरा, जुनं १९७६ चं नको, त्यात भडक रंगांचा फरक उगाच मोठा दिसतो. साधारण १ च्या आतला फरक शेजारी ठेवूनही कळायला कठीण, राखाडीत २ ला तरबेज डोळा ओळखतो. कॉन्ट्रॅक्ट प्रूफसाठी (छपाईआधी कस्टमरने मंजूर करायचा नमुना) आयएसओ १२६४७-७ मध्ये सगळ्या पॅचची सरासरी २.५ च्या आत मागतात. रोजच्या छपाईत तुम्ही स्वतःच्याच पहिल्या मंजूर शीटपासून सरासरी २ च्या आत राहिलात तर कस्टमरची तक्रार क्वचितच येईल. एक वही घाला, किंवा शीट करा कॉम्प्युटरवर, तारीख, आर्द्रता, कागदाचा लॉट, काय पार्ट बदलला, आणि पट्टीची रीडिंग. तीन आठवड्यांत तुम्हाला मशीनचा स्वभाव दिसायला लागेल, कुठला रंग कधी चढतो ते.

प्रकाशाचं राहिलं. दोन कव्हरं कस्टमरने कुठे शेजारी ठेवली होती? टेबलावरच्या पिवळ्या एलईडीखाली, की खिडकीपाशी? एकाच कागदावर एकाच मशीनने काढलेले दोन प्रिंट सगळ्या प्रकाशात साधारण सारखेच दिसतात, पण कागदाचा लॉट किंवा मशीन वेगळं असलं की एका प्रकाशात जुळलेलं दुसऱ्यात सुटतं. मी एकदा ऑफिसच्या ट्यूबखाली कस्टमरसमोर शेड मंजूर करून घेतली, तो कव्हर घेऊन दारात गेला आणि तिथूनच परत आला, उन्हात राखाडी हिरवी दिसत होती. त्या दिवसापासून डी५० प्रकाशाशिवाय मी शेड मंजूर करत नाही. रंग बघण्यासाठी आयएसओ ३६६४ मध्ये ५००० केल्विनचा डी५० सांगितलाय, बारकाईने ताडायला २००० लक्स. मोठा बूथ नसला तरी या प्रतीचे दिवे, आजूबाजूला रंगीत भिंत नको, फिक्या राखाडी रंगाची, आणि अंगात भडक कपडे नको, त्यांचा रंग कागदावर पडतो.

आणि लॅमिनेशन. पहिल्या पाचशे कव्हरांना ग्लॉस लॅमिनेशन झालं असेल आणि तुम्ही आत्ताची उघडी शीट त्याच्याशी लावून बघत असाल तर ती तुलनाच चालणार नाही, लॅमिनेशनने रंग गडद आणि भरलेला दिसतो, मॅटने काळा उलट फिका पडतो. लावून झालेलं लावून झालेल्याशीच बघायचं.

जुन्या मशीनबद्दल खरं सांगतो, ती दोन मशीनं शंभर टक्के जुळणार नाहीत. दोघांचा टोनर वेगळा, चमक वेगळी, आणि जो रंग जुन्याला छापताच येत नाही तो कुठल्याही प्रोफाइलने येणार नाही. जवळ आणता येतात, ती अशी की दोघांना एकच टार्गेट द्यायचं, एकाच स्पेक्ट्रोने मोजायचं, आणि नव्या मशीनचा भडकपणा आवरून ज्या रंगांपर्यंत जुनं पोचतं तिथेच थांबवायचं. नव्याला जुन्याकडे आणता येतं, उलट नाही. आणि एकाच पुस्तकाची कव्हरं दोन मशीनांवर वाटू नका, कितीही घाई असली तरी. आतली पानं जुन्यावर आणि कव्हर नव्यावर, हे चालतं.

आता या दोनशे कव्हरांचं. मंजूर झालेल्या पहिल्या लॉटमधलं एक कव्हर मिळवा, तुमच्याकडे नसेल तर कस्टमरकडून मागा, तो देईल. उन्हात किंवा काचेखाली पडलेलं नको, आत ठेवलेलं घ्या. त्यावरचा निळा आणि राखाडी स्पेक्ट्रोने पाच ठिकाणी वाचून सरासरी लिहून घ्या. मशीन वर सांगितलं तसं गरम करून, ॲडजस्ट करून, कॅलिब्रेट करून त्याच कागदावर एक शीट काढा, कर्व्ह शून्यावर. लॅमिनेशन असेल तर या शीटलाही तेच करून मग वाचा. मला वाटतं अर्ध्याहून जास्त फरक इथेच गेलेला असेल. उरलेला फरक फाइलमध्ये काढा, निळ्यातला मॅजेंटा २ टक्के कमी, ४ टक्के कमी, ६ टक्के कमी, असे तीन तुकडे एकाच शीटवर शेजारी शेजारी छापा, शीटच्या त्याच भागात जिथे पट्टी येणार आहे. त्यातला जुन्या आकड्याला जो सगळ्यात जवळचा येईल तो डी५० खाली कस्टमरला दाखवा, त्याच्या हातात जुनं कव्हर देऊन. त्याने हो म्हटलं की त्याच शीटवर त्याची सही घ्या, मागे तारीख आणि रीडिंग लिहा, आणि ती शीट काळ्या पाकिटात घालून फाइलला लावा, पुढच्या वेळी तुम्ही याच शीटशी जुळवणार आहात.

तीन आठवड्यांची वही भरली की तिचा फोटो काढून मला पाठवा ताई, मॅजेंटा नक्की कधी चढतो ते आपण मिळून बघू.